जुन्या कबला नवे बळ: ६५ अश्वशक्तीवरून ८५ कडे जाताना

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात लॉक हेवन नावाचे एक छोटे गाव आहे. पायपर कंपनीचे जे-३ कब हे पिवळ्या रंगाचे, कापडी अंगाचे, दोन आसनांचे विमान १९३८ ते १९४७ या काळात तेथे तयार होत होते आणि एकूण जवळपास वीस हजार कब कारखान्याबाहेर पडली. आरंभी त्यात ४० अश्वशक्तीचे इंजिन होते, मग ५० चे आले आणि अखेर कॉन्टिनेंटल कंपनीचे ए-६५ हे ६५ अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन त्यात स्थिरावले. आज ऐंशी वर्षे उलटूनही यांतील बरीच विमाने उडत आहेत आणि त्यांच्या मालकांना कधी ना कधी एक प्रश्न पडतोच: याची ताकद वाढवता येईल का? ती वाढवता येते. फक्त इंजिनाच्या पाटीवर लिहिलेली अश्वशक्ती आणि विमानाला हवेत प्रत्यक्ष मिळणारी अश्वशक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाढवलेली ताकद नेमकी कोठे जाते हे समजून घेतल्याशिवाय खर्च केला, तर पदरी निराशा येण्याचा संभव असतो.

म्हणून आधी मूळ ६५ चा हिशेब पाहू. पूर्ण भरलेल्या कबचे कमाल वजन ५५३ किलो असते आणि समुद्रसपाटीजवळ ते मिनिटाला सुमारे ४५० फूट, म्हणजे १३७ मीटर, या गतीने चढते. ५५३ किलोचे ओझे मिनिटाला १३७ मीटर वर उचलायला साधारण साडेसोळा अश्वशक्ती लागते. विहिरीतून पाणी उपसणाऱ्या पंपाचा हिशेब आपण जसा मांडतो, तसाच हा आहे. मग उरलेली साडेअठ्ठेचाळीस अश्वशक्ती कोठे जाते? चढाईच्या संथ वेगात लाकडी प्रोपेलर इंजिनाच्या ताकदीपैकी साठ-बासष्ट टक्केच विमानाला पुढे ओढण्यासाठी वापरू शकतो, बाकीची हवा घुसळण्यात वाया जाते. म्हणजे ६५ पैकी सुमारे ४० हाती राहिली, आणि त्यातली चोवीसेक हवेचा विरोध तोडून विमानाला नुसते समपातळीत तरते ठेवण्यातच खर्ची पडते. चढाईला उरते ती साडेसोळा.

आता तेथे ८५ अश्वशक्तीचे इंजिन बसवले असे समजा. प्रोपेलर त्याच प्रमाणात ताकद पोहोचवत असेल, तर हाती सुमारे ५३ येते. समपातळीत तरते राहण्याचा खर्च पूर्वीइतकाच, म्हणजे चोवीसच्या आसपास, राहतो आणि चढाईला जवळजवळ २९ अश्वशक्ती मिळते. इंजिनाची ताकद तीस टक्क्यांनी वाढली, पण चढाईचा दर मात्र मिनिटाला ४५० फुटांवरून पावणेआठशेच्या घरात गेला. घरखर्च ठरलेला असतो आणि पगारवाढ झाली की ती सगळी शिलकीत जमा होते, तसाच हा प्रकार आहे.

वेगाच्या बाबतीत मात्र हाच हिशेब अगदी उलटा वागतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे तीस टक्के जादा ताकदीतून कमाल वेगात जेमतेम नऊ टक्क्यांची भर पडते. कबचा कमाल वेग ताशी १४० किलोमीटर धरला, तर तो फार तर १५३ पर्यंत जाईल. शिवाय चौकटीची मर्यादा काही बदलत नाही: या विमानाने ताशी १९६ किलोमीटरची रेषा कधीच ओलांडायची नसते, मग पुढे कोणतेही इंजिन असो. वेग हवा असणाऱ्याने जुन्या कबवर पैसे घालू नयेत. दुसरे विमान शोधावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

चढाईचा फायदा खरा कळतो तो उंचावरच्या मैदानांवर. कोलोरॅडोतील डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तेथे तीस अंश तापमानाच्या दुपारी हवेची घनता समुद्रसपाटीच्या प्रमाण घनतेच्या सुमारे ७८ टक्केच भरते. इंजिनात जाणारी हवा तेवढी कमी, म्हणून ६५ चे इंजिन तेथे ५१ अश्वशक्तीचे होऊन बसते. दुसरीकडे, विरळ हवेत तरते राहण्यासाठी विमानाला जास्त वेगाने जावे लागते, त्यामुळे समपातळीचा खर्च चोवीसवरून सत्तावीसवर जातो. वरच्याच ढोबळ पद्धतीने गणित केले, तर चढाईला जेमतेम पाच अश्वशक्ती उरते आणि मिनिटाला चाळीसेक मीटर एवढाच दर मिळतो. धावपट्टीच्या टोकाला झाडे असतील, तर हा आकडा फार अस्वस्थ करणारा आहे. त्याच मैदानावर, त्याच दुपारी ८५ चे इंजिन असलेले कब सुमारे १२० मीटर, म्हणजे तिप्पट दराने चढेल. ताकद वाढवण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे.

आता ताकद वाढवायची कशी, ते पाहू. मोटारसायकलचे इंजिन उघडून ‘बोअर’ करून घेतलेल्या वाचकांना यातले मर्म लवकर कळेल. पिस्टन इंजिनाची अश्वशक्ती तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते: सिलिंडरांचे एकूण आकारमान, प्रत्येक स्फोटाचा पिस्टनवर पडणारा सरासरी दाब आणि मिनिटाला होणारे फेरे. ए-६५ चे आकारमान २.८ लिटर आहे आणि २,३०० फेऱ्यांना ते ६५ अश्वशक्ती देते. यावरून सरासरी दाब काढला, तर तो दर चौरस सेंटिमीटरला ९.२ किलो येतो. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढच्या सगळ्या इंजिनांची तुलना त्याच्याशी करता येते.

सर्वांत स्वस्त वाट म्हणजे ए-७५. सिलिंडरांचे आकारमान तेच, बाह्य रूप तेच, आतले काही सुटे भाग आणि कार्ब्युरेटरची मांडणी तेवढी वेगळी, आणि फेऱ्यांची मर्यादा २,६००. सरासरी दाब ९.४ किलो येतो, म्हणजे जवळजवळ पूर्वीचाच. याचा अर्थ ही दहा अश्वशक्ती जवळपास पूर्णपणे जादा फेऱ्यांतून आलेली आहे. येथेच पहिली फसगत होते. प्रोपेलर जुनाच ठेवला, तर तो इंजिनाला २,६०० फेऱ्यांपर्यंत जाऊच देणार नाही. पाटीवर ७५ कोरले जातील आणि विमान मात्र पूर्वीसारखेच उडेल.

त्यापुढची आणि सर्वाधिक वापरली जाणारी वाट म्हणजे सी-८५. यात पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे सिलिंडरमधील त्याच्या धावेची लांबी, ए-६५ इतकाच, ९२ मिलिमीटर, राहतो, पण सिलिंडरचा व्यास ९८ वरून १०३ मिलिमीटर होतो. आकारमान ३.१ लिटरपर्यंत जाते, फेरे २,५७५ होतात आणि सरासरी दाब ९.८ किलोवर पोहोचतो. तिन्ही घटकांत थोडी थोडी वाढ झाल्यामुळे कोणत्याही एकावर फार ताण येत नाही, आणि हे इंजिन एवढे लोकप्रिय होण्याचे एक कारण मला यातच दिसते. दुसरे कारण अगदी व्यवहारी आहे. सी-८५, सी-९० आणि ओ-२०० या तिन्ही इंजिनांच्या सिलिंडरचा व्यास एकच आहे, आणि सेसना १५० या प्रशिक्षण विमानामुळे ओ-२०० जगभर पसरलेले असल्याने नवे सिलिंडर आजही मिळतात. ए-६५ च्या मालकाला मात्र सुट्या भागांसाठी जुन्या साठ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात.

सी-९० आणि ओ-२०० यांची तुलना थोडी सावकाश करण्याजोगी आहे. दोन्हींचे आकारमान ३.३ लिटर, दोन्हींचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, सातास एक. सी-९० हे २,४७५ फेऱ्यांना ९० अश्वशक्ती देते आणि ओ-२०० हे २,७५० फेऱ्यांना १००. आता १०० ला ९० ने भागून पाहा आणि २,७५० ला २,४७५ ने भागून पाहा. दोन्ही उत्तरे १.११ येतात. सरासरी दाब दोघांचाही दर चौरस सेंटिमीटरला १०.१ किलो. म्हणजे ओ-२०० च्या पाटीवरची जादा दहा अश्वशक्ती ही निव्वळ जास्त वेगाने फिरण्याची बिदागी आहे. विमान जमिनीवरून धावत असताना किंवा तीव्र चढाईत प्रोपेलर ओ-२०० ला २,४७५ च्या आसपासच अडवून धरत असेल, तर तेथे ते सी-९० पेक्षा सरस ठरत नाही. तराफे लावून पाण्यावरून उडणाऱ्या वैमानिकांना सी-९० अधिक आवडते, त्याचे मूळ येथे आहे. १०० हा आकडा ९० पेक्षा मोठा आहे एवढ्यावर निर्णय घेणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

हे सारे ज्याच्यावर येऊन थांबते, तो प्रोपेलर म्हणजे या विमानाचा एकुलता एक गिअर आहे. कबवरील प्रोपेलरच्या पात्यांचा कोन कायमचा ठरलेला असतो. खंबाटकी घाट असो वा सपाट महामार्ग, गाडी एकाच गिअरमध्ये चालवायची, अशी ही स्थिती आहे. कबवर सर्रास दिसणारा एक लाकडी प्रोपेलर ७२ इंच व्यासाचा आणि ४२ इंच पिचचा असतो. पिच ४२ इंच याचा अर्थ असा की लाकडात स्क्रू शिरावा तसा तो हवेत न घसरता शिरला, तर एका फेऱ्यात ४२ इंच, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटर पुढे जाईल. पिच कमी केला की इंजिन मोकळेपणाने जास्त फेरे घेते, उड्डाण लवकर होते, चढाई सुधारते. मात्र समपातळीत इंजिन लगेच फेऱ्यांच्या मर्यादेला टेकते आणि वैमानिकाला थ्रॉटल मागे घ्यावा लागतो. पिच वाढवला की याच्या उलट घडते. नवे इंजिन बसवताना चढाईचा प्रोपेलर की प्रवासाचा, हे आधी ठरवावेच लागते. दोन्ही गोष्टी एकाच लाकडातून कोरता येत नाहीत.

जास्त फेऱ्यांना आणखी एक मर्यादा आहे. या इंजिनांत मध्ये दातेरी चाके नसतात, क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, जितके फिरते तितकेच प्रोपेलरही फिरतो. ७२ इंची प्रोपेलरचे टोक २,३०० फेऱ्यांना सेकंदाला २२० मीटर वेगाने धावते आणि २,७५० फेऱ्यांना २६३ मीटर वेगाने. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर असल्याने टोके त्याच्या तीन-चतुर्थांशाच्या पुढे गेलेली असतात. तेथून आवाज कर्कश होऊ लागतो आणि कार्यक्षमता ढासळण्याची चिन्हे दिसू लागतात. संथ विमानाला पुढे ढकलायचे, तर पुष्कळ हवा हळू मागे लोटणे हे थोडी हवा जोरात लोटण्यापेक्षा नेहमीच काटकसरीचे असते. म्हणून मोठा आणि निवांत फिरणारा पंखा कबच्या स्वभावाला जुळतो.

याच विचारातून आलेली एक युक्ती जुन्या विमानांच्या जगात फार मानली जाते. सी-८५ च्या बाहेरील कवचात ओ-२०० चे क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन बसवतात. ओ-२०० चा स्ट्रोक ९८ मिलिमीटर, म्हणजे सी-८५ पेक्षा सहा मिलिमीटरने अधिक, असल्यामुळे आकारमान ३.३ लिटर होते, पण झडपांची उघडझाप करणारे कॅमशाफ्ट सी-८५ चेच राहते आणि इंजिन कमी फेऱ्यांतच आपला जोर दाखवते. कागदोपत्री हे इंजिन ८५ अश्वशक्तीचेच असते. पाटीवर कमी आणि हवेत जास्त, असा हा दुर्मीळ नमुना आहे. सी-८५ ची चांगली क्रँकशाफ्ट मिळेनाशी होणे हेही या युक्तीच्या प्रसाराचे एक कारण आहे.

ताकदीबरोबर उष्णताही वाढते. इंधनातील ऊर्जेचा साधारण पाव हिस्सा क्रँकशाफ्टपर्यंत पोहोचतो, बाकीची धुराड्यातून, सिलिंडरवरील धातूच्या पातळ पट्ट्यांतून आणि तेलातून बाहेर टाकावी लागते. कबच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना उघडे दिसणारे सिलिंडर हे त्याच्या रूपाचे वैशिष्ट्य मानले जाते, पण ती मुळात थंड राहण्याची सोय आहे. तीव्र चढाईत इंजिन पूर्ण जोरात असते आणि विमानाचा वेग सर्वांत कमी, म्हणजे उष्णता सर्वाधिक आणि वारा सर्वांत थोडा. त्यामुळे सिलिंडरांभोवतीचे पत्र्याचे आडोसे नव्या इंजिनाला नीट बसतात की नाही, हे कसोशीने पाहावे लागते. ए-६५ मध्ये ३.८ लिटर तेल मावते, तर ओ-२०० मध्ये ५.७ लिटर. हे जादा तेल वंगणाइतकेच थंडाव्यासाठीही असते. येथे एक गैरसमज दूर केलेला बरा: जास्त ऑक्टेनचे पेट्रोल घातल्याने ताकद वाढत नाही. ए-६५ हे ७३ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बेतलेले आहे. त्यात १०० ऑक्टेनचे शिसेयुक्त विमान-पेट्रोल घातले, तर ताकद तीच राहते आणि स्पार्क प्लगवर शिशाची पुटे मात्र चढतात.

मग इंधनाचा प्रश्न येतो. कबची टाकी वैमानिकांच्या पुढे, नाकात असते आणि तिच्यात सुमारे ४५ लिटर पेट्रोल मावते. ए-६५ तासाला पंधरा ते सतरा लिटर पिते, सी-८५ वीसच्या आसपास. तीन तासांच्या जवळ जाणारे उड्डाण सव्वादोन तासांवर येते, आणि त्यातूनही राखीव पेट्रोल वजा करायचे असते. इंधन पंपाने येत नाही, गुरुत्वाने उतरते. नाक जितके वर, तितका कार्ब्युरेटर टाकीच्या तुलनेत वर जातो आणि प्रवाहाचा जोर घटतो. नेमके जादा ताकदीचे विमान अधिक तीव्र कोनात चढणार आणि त्याच वेळी त्याला अधिक पेट्रोल हवे असणार. म्हणूनच गुरुत्वावर चालणाऱ्या व्यवस्थेत उड्डाणाच्या वेळी लागणाऱ्या इंधनाच्या दीडपट प्रवाह मिळाला पाहिजे, असा अमेरिकी नियम आहे, आणि तो नाक वर करून, नळी मोकळी सोडून, बादली आणि घड्याळ घेऊन प्रत्यक्ष मोजता येतो.

वजनाचा हिशेब सर्वांत कठोर आहे. रिकामे कब सुमारे ३४७ किलोचे, कमाल वजन ५५३, म्हणजे हाती २०६ किलो. ऐंशी-ऐंशी किलोची दोन माणसे बसली आणि टाकी भरली, की १९३ किलो झाले. उरले तेरा. कॉन्टिनेंटलच्या नावांमधील ‘८’ म्हणजे स्टार्टर आणि जनरेटर नसलेले इंजिन आणि ‘१२’ म्हणजे ते असलेले. सी-८५-१२ बसवून बॅटरीसह सगळा सरंजाम चढवला, तर वीसेक किलोंची भर सहज पडते आणि ते तेरा किलो तर जातातच, शिवाय सात किलो पेट्रोल किंवा माणूस कमी करावा लागतो. इंजिन मोठे झाले म्हणून कमाल वजनाची मर्यादा आपोआप वाढत नाही. भर पडते तीही नाकाकडे, त्यामुळे विमानाचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो. या विमानात एकट्याने उडताना मागच्या आसनावर बसण्याचा जो दंडक आहे, तोही याच तोलासाठी आहे. पंखा हाताने फिरवून इंजिन चालू करण्याची शिस्त आणि तयारी ज्याच्यापाशी आहे, त्याने ‘८’ वरच समाधान मानावे, असे मला वाटते.

भारताचाही या घराण्याशी जवळचा संबंध आहे. अमेरिकेतील ऐरोंका कंपनीचे चीफ हे विमान कॉन्टिनेंटलच्या ६५ अश्वशक्तीच्या इंजिनावर उडे, त्यानंतरच्या सुपर चीफला ८५ चे इंजिन मिळाले, आणि त्याच घडणीवर बेतलेले हिंदुस्थान एअरक्राफ्टचे पुष्पक २८ सप्टेंबर १९५८ रोजी प्रथम उडाले ते सी९०-८एफ या ९० अश्वशक्तीच्या इंजिनावर. त्या काळात तेथील विमानरचनेची धुरा कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या आणि जर्मनीतील गॉटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली संशोधन केलेल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्याकडे होती. देशातील फ्लाइंग क्लबांसाठी सुमारे १६० पुष्पक तयार झाली. नावातील ‘८’ वरून वाचकाच्या ध्यानात आलेच असेल की त्यांना स्टार्टर नव्हता. त्याच कुळातील कृषक या विमानाला पुढे २२५ अश्वशक्तीचे इंजिन दिले गेले, पण त्यासाठी सांगाडा मोठा करावा लागला. ६५ वरून ९० पर्यंत एकच देह पेलतो, त्यापुढे देहच बदलावा लागतो.

उरतात ती कागदपत्रे. प्रमाणित विमानाचे इंजिन मालकाच्या मर्जीने बदलता येत नाही. विमानाच्या टाइप सर्टिफिकेटमध्ये कोणते इंजिन आणि कोणता प्रोपेलर चालेल, ते लिहिलेले असते. त्याबाहेर जायचे, तर अमेरिकेत सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेट, म्हणजे एसटीसी, लागते. ज्याने चाचण्या करून ते मिळवले, त्याच्याकडून आपल्या विमानाच्या क्रमांकापुरती परवानगी विकत घ्यावी लागते. काम झाल्यावर ३३७ क्रमांकाचा अर्ज भरला जातो, विमान पुन्हा तोलले जाते आणि अधिकृत तपासनीस सही करतो.

त्या सहीआधी एक चाचणी होते. शेपूट दोराने खांबाला बांधतात, चाकांना अडण्या लावतात, इंजिन तापू देतात आणि थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलून फेरे वाचतात. प्रत्येक इंजिन आणि प्रोपेलरच्या जोडीसाठी या उभ्या फेऱ्यांची खालची आणि वरची मर्यादा ठरवून दिलेली असते. आकडा खाली राहिला, तर इंजिन अशक्त आहे किंवा पिच जास्त आहे. वर गेला, तर पिच कमी आहे आणि हवेत गेल्यावर इंजिन मर्यादेबाहेर फिरेल. दोन्ही वेळा प्रोपेलर उतरवून पुन्हा कार्यशाळेत जातो. आकडा दोन मर्यादांच्या मध्ये आला, की तो तारखेसह लॉगबुकात लिहितात आणि शेपटीची दोरी सोडतात.